कोरडवाहूचा खाऊ

परभणी जिल्ह्यात बदाम पिकत नाही. काजू पिकत नाही, अक्रोड-पिस्त्याचा तर प्रश्नच नाही. गोदावरी, दुधना आणि पूर्णेच्या काठच्या काळ्या रानात सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, ज्वारी येते. पाणी असेल तिथे ऊस. तरीही जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत कुठल्याही स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे खाली काढले, तर एकात खारीक सापडते, एकात खोबऱ्याच्या वाट्या, एकात चिमूटभर खसखस आणि मागच्या बाळंतपणातला उरलेला डिंक. बदाम असलेच तर मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी. शेंगदाणे मात्र कुणी लपवत नाही. ते खालच्या डब्यात, हाताशी असतात, आणि कदाचित म्हणूनच त्यांची गणना सुकामेव्यात होत नाही.

हे पुस्तक नेमके त्या गणनेवर बोट ठेवते. मुलांसाठी घरी करायचा पौष्टिक गोड खाऊ म्हटले की आज पहिल्यांदा आठवतो तो बदाम-काजू-अंजिराचा रोल, वर पिस्त्याचे काप, चांदीचा वर्ख. त्यात वाईट काही नाही. पण पौष्टिकपणा किराणा बिलाच्या आकड्याबरोबर वाढत जातो हा जो समज त्यामागे आहे, तो तपासून घ्यावा असा आहे. 100 ग्रॅम बदामात साधारण 20-21 ग्रॅम प्रथिने असतात. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत 25 च्या आसपास. बदामात ई जीवनसत्त्व आणि चुना म्हणजे कॅल्शियम जास्त, हे खरे. पण चुन्याचाच हिशेब करायचा तर न सोललेले तीळ बदामाला कितीतरी मागे टाकतात. आणि एक किलो बदामाच्या पैशांत मोंढ्यातून पाच-सहा किलो शेंगदाणे आणता येतात, हेही विसरण्यासारखे नाही.

तेव्हा या विषयाचा नकाशा काढायचा तर तो दोन वाटांनी काढावा लागतो. एक वाट बाहेरून आत येणारी, व्यापाराची. दुसरी रानातून घरात येणारी.

व्यापाराची वाट फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात इराणी आखाताच्या बंदरांतून भडोचला जाणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मोती, मद्य यांच्याबरोबर भरपूर खजूर आहे. त्याच ग्रंथात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि तिथून पुढे तगर म्हणजे आजचे तेर, अशा दख्खनच्या दोन बाजारपेठांची नोंद आहे. पैठणहून गोदावरीच्या काठाने खाली आले की परभणी जिल्ह्याची हद्द लागते. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आले, सतराव्या शतकात रघुनाथ पंडितांचे ‘भोजनकुतूहल’ आले. छापील मराठी पाकपुस्तकांची रांग रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 1875 च्या ‘सूपशास्त्रा’पासून सुरू होते, 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’, 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’. पण या साऱ्या परंपरेत मराठवाड्याचे घर क्वचितच दिसते. पुस्तके पुण्या-मुंबईत, बडोद्यात, सांगलीत लिहिली गेली. परभणी त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, सप्टेंबर 1948 पर्यंत. इथल्या बाया जे करत होत्या ते कुणी लिहून ठेवले नाही.

त्या संस्थानी काळाचा एक धागा मात्र ताटात अजून आहे. रमजान ईदेच्या सकाळी परभणी, सेलू, पाथरी, मानवतच्या मुस्लिम घरांतून शेजारपाजारी शीरखुर्म्याचे डबे जातात. दूध, शेवया, भिजवून चिरलेली खारीक, चारोळी, बदाम, खोबऱ्याचे पातळ काप. हिंदू घरातल्या मुलांनाही शीरखुर्म्यातली मऊ झालेली खारीकच सर्वांत आवडते, आणि दिवाळीत त्याच डब्यातून करंज्या परत जातात. परभणीच्या सय्यद शाह तुराबुल हक दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो तेव्हा खजुराच्या गाड्यांपुढची गर्दी कुणा एका समाजाची नसते. सुकामेव्याचा हा पहिला, शहरी, संस्थानी वळणाचा प्रवाह मराठवाड्यात जितका ठसठशीत आहे तितका पश्चिम महाराष्ट्रात नाही.

दुसरा प्रवाह बाळंतिणीच्या खोलीतून निघतो. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, खारीक-खोबऱ्याचे लाडू, मेथीचे लाडू. हे मुळात बाळंतिणीसाठी. पण ज्या घरात डिंक तळला जातो त्या घरातली मोठी भावंडे गप्प बसत नाहीत. तुपात पडताच फुलून पांढरा होणारा डिंक वाटीत काढून द्यावाच लागतो. डिंक बाभळीचा असतो, धावड्याचाही. जाणत्या बाया धावड्याचा निवडून घेतात. हे लाडू थंडीतले. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तेव्हा परभणीत डिंकाच्या लाडवांना औषधाची गरज म्हणून नव्हे, हवामानाची गरज म्हणून मागणी असते. आणि त्यांत तूप-गूळ सढळ हाताने पडलेला असतो, हेही तितकेच खरे.

तिसरा सणांचा. गणपतीच्या आरतीनंतरची खिरापत म्हणजे खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि किसमिस यांचे पंचखाद्य. मुलांसाठी सुकामेव्याचा असा तयार, न शिजवायचा, चिमटीने वाटायचा खाऊ दुसरा दाखवता येणार नाही. मात्रा किती, तर तळहातावर मावेल तेवढी. आज पोषणतज्ज्ञ जे ‘पोर्शन’ म्हणून सांगतात ते इथे आरतीच्या शिस्तीतून आपोआप साधते. संक्रांतीला तिळगूळ, आणि त्याच दिवसांत पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे बोरन्हाण. काळे झबले, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून ओतलेली बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या. अलीकडे त्यात रंगीत गोळ्या आणि चॉकलेटे जास्त, बोरे कमी, अशी स्थिती आहे. खाली पडलेला खाऊ वेचायला आजूबाजूची पोरे तुटून पडतात. त्यांतल्या दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडात कडक रेवडी किंवा अख्खा शेंगदाणा जाऊ नये, याकडे मात्र घरातल्या कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघायला हवे.

आणि चौथा प्रवाह, ज्याचे या पुस्तकाला सर्वांत अगत्य आहे: गूळ-शेंगदाण्याचा. हा कष्टकऱ्यांचा खाऊ. शेंगदाणा इथला प्राचीन रहिवासी नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि दख्खनच्या शेतीत तो खऱ्या अर्थाने पसरला एकोणिसाव्या शतकात. म्हणजे ‘आजीच्या आजीपासून’ चालत आलेली गुडदाणी फार तर तेवढीच जुनी. तीळ मात्र खरोखर पुरातन. तरीही आल्या पाहुण्याला गुळाचा खडा आणि पाणी देणाऱ्या या मुलखाने शेंगदाण्याला इतके आपले केले की उपासापासून शाळेच्या डब्यापर्यंत त्याच्यावाचून चालत नाही.

गुडदाणीचा पाक हा या पुस्तकातल्या साऱ्या कृतींचा कणा आहे, म्हणून तो जरा जवळून पाहू. जाड बुडाच्या कढईत चिरलेला गूळ आणि जेमतेम चमचाभर पाणी. आधी गूळ विरघळतो, मग मोठे बुडबुडे येतात, मग बुडबुडे लहान आणि दाट होतात आणि रंग गडद व्हायला लागतो. इथून पुढे नजर हलवायची नाही. गार पाण्याच्या वाटीत एक थेंब सोडायचा. बोटांनी त्याची मऊ गोळी वळली, तर पाक लाडवाचा. तापमान साधारण 115 अंश. थेंब पाण्यात पडून कडक झाला आणि दातांखाली कट् असा आवाज करून मोडला, तर चिक्कीचा. तो 145 ते 150 अंशांवर होतो. दोन्हींमध्ये फरक आहे तो पाकात उरलेल्या पाण्याचा. दातांना चिकटणारी चिक्की म्हणजे घाईने उतरवलेली चिक्की. कडक पाकात चिमूटभर खायचा सोडा टाकला की तो फसफसून हलका होतो आणि चिक्की खुसखुशीत उतरते. मग भाजून, सोलून, पाखडलेले दाणे घालून सारे तेल लावलेल्या पोळपाटावर ओतायचे, तेल लावलेल्या लाटण्याने भराभर लाटायचे आणि गरम असतानाच वड्या पाडायच्या. गार झाल्यावर सुरी चालत नाही. पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून हीच चिक्की चिवट होते, म्हणून डब्याचे झाकण घट्ट आणि करण्याचे प्रमाण थोडे.

खजूर वापरला तर पाकाची ही सारी कसरत टळते. बी काढलेला खजूर चमचाभर तुपात परतला की मिनिटा-दोन मिनिटांत लगदा होतो, आणि त्यात भाजलेल्या दाण्यांचा कूट, तीळ, सुके खोबरे मिसळून वळायला घेता येते. शहरांत जो ‘शुगर-फ्री ड्रायफ्रूट रोल’ विकला जातो तो एवढाच. खजुराची गोष्ट निघाली की वाळवंटी, कोरड्या मुलखांची आठवण अपरिहार्य ठरते. इराणात खजुरात अक्रोड भरून रंगीनक करतात; जॉर्जियात दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षरसाच्या दाट खिरीत पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात, त्याला चुर्चखेला म्हणतात आणि तो प्रवासात, मोहिमेवर नेला जाई. जिथे पाऊस बेभरवशाचा आणि ऊन हक्काचे, तिथे गोड पदार्थ वाळवून टिकवले जातात. मराठवाडा या बिरादरीतला आहे.

खारकेला मात्र कष्ट पडतात. अडकित्त्याने फोडायची, बी काढताना आत कीड किंवा जाळी नाही ना हे एकेक उघडून बघायचे, उन्हात दोन दिवस कडक करायची, थोड्या तुपावर हलकी परतायची आणि मग दळायची. बाजारात तयार खारीकपूड मिळते. पण अडकित्त्याखालची ती तपासणी तिच्यात झाली होती का, हे पुडा सांगत नाही.

महाराष्ट्रातला म्हणावा असा सुकामेवाही आहे, आणि तो वापरायला हरकत नाही. तासगाव-सांगलीचा बेदाणा, वेंगुर्ल्याचा काजू, पुरंदरचे अंजीर यांना भौगोलिक मानांकने मिळालेली आहेत. बेदाण्याची द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवून सावलीतल्या जाळ्यांवर दोनेक आठवडे वाळवतात. चार किलोंपासून साधारण एक किलो बेदाणा उतरतो. तो पिवळाधमक दिसावा म्हणून पुष्कळदा गंधकाची धुरी देतात. मुलांसाठी घेताना दिसायला कमी आकर्षक, तपकिरी बेदाणा घ्यावा आणि धुऊन वापरावा. गुळालाही तोच न्याय. लख्ख पिवळा गूळ पाहून हुरळून जाऊ नये; रंग उजळण्यासाठी रसायने वापरली जातात हे गुऱ्हाळाच्या पंचक्रोशीत कुणालाही ठाऊक असते.

आता विद्यापीठाकडे. मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीत 1972 मध्ये स्थापन झाले. 2013 पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. 1972 हे महाराष्ट्राच्या आठवणीत दुष्काळाचे साल. त्या दुष्काळात खडी फोडायच्या कामांवर वाटलेली सुकडी आजही साठी-सत्तरीतली माणसे सांगतात, काही जण नाक मुरडून, काही जण जिभेवर चव असल्यासारखी. ती गोड होती, कोरडी होती, टिकत होती आणि पोट भरत होती. पौष्टिक कोरड्या खाऊची सार्वजनिक वाटपाची कल्पना या जिल्ह्याला तेव्हापासून परिचित आहे. विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय आणि पूर्वी गृहविज्ञान म्हणून ओळखले जाणारे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय यांनी पुढे ज्वारीचे पदार्थ, फळप्रक्रिया, वाळवण यांची प्रशिक्षणे गावोगावच्या बायकांना दिली. ज्वारीचा ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त अधिक असलेला वाण 2018 मध्ये आला. या साऱ्यातून एक वेगळीच, प्रयोगशाळेच्या वळणाची शाखा तयार झाली: ज्वारीच्या लाह्यांचे गूळ घालून लाडू, राजगिऱ्यात दाण्याचा कूट, आवळ्याची कँडी. आवळा कँडी चविष्ट असते, पण तिच्यात आवळ्यापेक्षा साखर जास्त जाते. हे पुस्तक म्हणून आवळ्याची मीठ-जिरे लावून वाळवलेली सुपारी पसंत करते. ती गोड नाही, खाऊ आहे, आणि आवळ्याच्या आंबटपणामुळे शेंगदाण्या-तिळातले लोह अंगी लागायला मदत होते.

सरकारी वाट थोडक्यात. चिक्की ही शाळेच्या आणि अंगणवाडीच्या आहारात आली, गेली, पुन्हा आली. 2015 मध्ये अंगणवाड्यांसाठीच्या चिक्कीच्या खरेदीवरून राज्यात मोठे राजकीय वादळही उठले. त्या वादात शिरण्याचे इथे कारण नाही. एवढेच नोंदवावे की कारखान्यात करून, पुड्यात भरून, ट्रकने पाठवायच्या चिक्कीचे जे प्रश्न असतात, ते गावातल्या कढईत केलेल्या चिक्कीचे नसतात. तिचे वेगळे असतात.

शेंगदाण्याच्या ताकदीबद्दल जगाला फार उशिरा कळले. 1996 मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे ब्रिआं आणि मिशेल लेस्कान यांनी शेंगदाण्याची पेस्ट, दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे-क्षार एकत्र करून तीव्र कुपोषित मुलांसाठी ‘प्लंपीनट’ तयार केले. पाणी नको, शिजवणे नको, उष्ण हवेत टिकते. आफ्रिकेतल्या दुष्काळांत त्याने असंख्य मुले वाचवली. मराठवाड्यातल्या बाईला या कृतीतले निम्मे सामान ओळखीचे वाटेल.

इथपर्यंत गुणगान झाले. आता हिशेब.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले की दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा 10 टक्क्यांच्या आत हवा, जमल्यास 5 टक्क्यांच्या. या साखरेत गूळही मोजायचा आणि मधही. गूळ म्हणजे औषध आणि साखर म्हणजे विष, ही विभागणी शरीर मानत नाही. गुळात थोडे क्षार असतात, चव खोल असते, पण मुलाच्या दातांना आणि रक्ताला तो साखरेसारखाच लागतो. आता एक साधा लाडू घ्या. 250 ग्रॅम भाजलेल्या दाण्यांचा कूट आणि 150 ग्रॅम गूळ. त्यातून 20 ग्रॅमचे वीस लाडू होतात. एका लाडवात साडेसात ग्रॅम गूळ, सुमारे तीन ग्रॅम प्रथिने आणि शंभराच्या आसपास उष्मांक. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1350 उष्मांक लागतात. त्याचे 5 टक्के म्हणजे सतरा ग्रॅम साखर. म्हणजे दिवसाला एक लाडू सुखाने, दोन झाले तर हिशेब जवळजवळ भरला, आणि वर गोड चहा-बिस्किट असेल तर संपलाच. पुस्तकातला प्रत्येक लाडू लिंबाएवढा नसून सुपारीहून थोडा मोठा का आहे, याचे उत्तर या गणितात आहे. अख्ख्या खजुरातली साखर या ‘वरच्या’ साखरेत मोजत नाहीत, कारण ती चोथ्यासकट पोटात जाते. म्हणून खजुराचा लाडू हिशेबात उजवा ठरतो. दातांना चिकटण्यात मात्र तो कुणालाही हार जात नाही. खाल्ल्यावर चूळ भरायची सवय लावणे भाग आहे.

वयाचे बंधन याहून कडक आहे. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा शेंगदाणा, बदाम, काजू, फुटाणा देऊ नये. तो घशात नव्हे, श्वासनलिकेत जातो, आणि मग दुर्बिणीने काढायला मोठ्या रुग्णालयात धाव घ्यावी लागते. कूट, पूड, मऊ लाडू चालतात. एक वर्षाच्या आत मध नको. सहा महिन्यांपर्यंत तर आईच्या दुधाशिवाय काहीच नको, म्हणजे सहाणेवर खारीक-बदाम-वेखंड उगाळून चाटवायची गुटीही नको. हे वाक्य छापल्याने काही घरांत नाराजी होईल. होऊ द्यावी. उलट शेंगदाण्याची धास्ती घेऊन तो वर्षानुवर्षे टाळण्याचीही गरज नाही. लंडनमध्ये झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ अभ्यासात, ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या तान्ह्या मुलांना चौथ्या ते अकराव्या महिन्यात शेंगदाण्याचे मऊ पदार्थ सुरू केले, तेव्हा पाच वर्षांच्या वयाला त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी फारच कमी आढळली. ज्या बाळाला गंभीर इसब किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, त्याचा निर्णय मात्र डॉक्टरांकडे.

आणि बुरशी. ओलसर राहिलेल्या शेंगांवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. भाजण्याने ते पूर्णपणे जात नाही. सुरकुतलेला, काळपट, कडवट दाणा निवडून टाकायचा, तो कुटात ‘खपवायचा’ नाही. काढणीला आलेला भुईमूग पावसात सापडला तर त्या वर्षी ही निवड दुप्पट कसून करावी लागते. खवट खोबरे, वास मारणारे अक्रोड, जुनी चारोळी यांनाही हाच नियम.

हे सारे आजच का, असा प्रश्न कुणी विचारील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 मध्ये, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी 68.9 टक्के रक्तक्षयी आढळली. 35 टक्के वयाच्या मानाने खुजी. आणि याच मुलांच्या हातात पाच-दहा रुपयांचे पुडे आहेत. सोनपेठच्या आठवडी बाजारापासून पालमच्या एसटी स्टँडपर्यंत ते लोंबताना दिसतात. शाळेपासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकू नयेत असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2020 मध्ये केला. 2025 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. फलक लावणे सोपे. पण मधल्या सुट्टीत मुलाच्या हातात पुड्याऐवजी काय द्यायचे, हा प्रश्न घरात सोडवावा लागतो, आणि तोही सकाळी सातच्या घाईत.

आणखी एक कारण खास इथले आहे. दिवाळीनंतर गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर भागांतून कोयता घेऊन कुटुंबे ऊसतोडीला जातात. बीडइतकी नसतील, पण जातात. लहान मुले बरोबर. तिथे पहाटे चारला उठून फडात जाणाऱ्या आईला खाऊ करायला चूल आणि वेळ दोन्ही नसतात. महिनाभर टिकणारा, न शिजवता देता येणारा, दोन दगडांच्या चुलीपाशीही हातात ठेवता येईल असा तीळ-दाण्या-गुळाचा डबा ही त्या कुटुंबाची गरज आहे. शहरातल्या ‘हेल्दी स्नॅक’च्या चर्चेत तिचा उल्लेखही होत नाही. या पुस्तकातल्या बऱ्याच कृती टिकाऊपणाच्या कसोटीवर निवडल्या आहेत त्या म्हणूनच. तूप कमी, दूध-खवा नाही, ओले खोबरे नाही.

पुस्तकाची मांडणी वाळवणाच्या ऋतूंप्रमाणे जाते, संक्रांतीपासून दिवाळीपर्यंत. मापे वाटीतही आहेत आणि ग्रॅममध्येही, कारण पाटावरची वाटी एका घरात 150 मिलीची असते आणि दुसऱ्यात 200 ची. बदाम-काजूच्या प्रत्येक कृतीशेजारी शेंगदाणा, तीळ, करडई किंवा भोपळ्याच्या बियांची पर्यायी कृती दिली आहे, आणि ती दुय्यम म्हणून नव्हे. काही ठिकाणी चवीत तीच वरचढ ठरते. करडईच्या सोललेल्या बियांचा लाडू ही त्यांतली सर्वांत धीट कल्पना. परभणीची करडई तेलासाठी ओळखली जाते, पण लाडवासाठी ती सोलायला वेळ फार लागतो. ज्यांना तो नाही त्यांनी ते पान उलटून सरळ तिळाकडे जावे.

काही गोष्टी मुद्दाम गाळल्या आहेत. कुठल्याही पदार्थाला ‘बुद्धिवर्धक’ किंवा ‘उंची वाढवणारा’ म्हटलेले नाही. अळिवाच्या लाडवाने हिमोग्लोबिन इतके वाढते, असा दावाही नाही. अळिवात लोह आहे, पण रक्तक्षयावरचा उपाय म्हणून त्यावर विसंबता येत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा एक मिली लोह-फॉलिक ॲसिडचे सरबत ठरवून दिले आहे, ते आशाताईकडे किंवा अंगणवाडीत मागून घ्यावे. जे मूल दिवसेंदिवस सुकत चालले आहे, ज्याचा दंडघेर अंगणवाडीच्या पट्टीवर लाल भागात येतो, त्याला घरी लाडू वळून देत वाट बघू नये. त्याला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, आणि तिथून पाठवले तर पोषण पुनर्वसन केंद्रात. पुस्तकातल्या कृती त्या मुलासाठी नाहीत. घरी परतून ते भूक लागून खायला लागेल, तेव्हाच्या आहेत.